मुक्कामवडीचा इतिहास

१४ नोव्हेंबर २०११, मयूर विहार

निवृत्तीनंतर माणसाने आपल्या आठवणी लिहाव्यात, असं मला बरेच दिवस वाटत होतं. आज सवडही मिळाली, कारण चंद्रप्रभेने मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. डाळींचे डबे वर्णानुक्रमाने लावावेत, एवढंच मी सुचवलं होतं. आयुष्यभर केंद्र सरकारच्या फायली लावलेल्या माणसाचं मत होतं ते. ती म्हणाली, "अहो, तुम्ही जरा पार्कात जाऊन बसा."

पार्कात सगळे निवृत्त लोकच बसतात. त्यांच्यात आणि माझ्यात फरक आहे. मी अवर सचिव म्हणून निवृत्त झालो असलो तरी काम उपसचिवाचं करत होतो, हे सगळ्या मंत्रालयाला माहीत आहे. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा लोक जिन्यात थांबून नमस्कार करायचे. इथे सोसायटीचा वॉचमनसुद्धा मला 'अंकल' म्हणतो.

संध्याकाळी चेतनाचा फोन आला. आमची मुलगी गुडगावात एका पीआर कंपनीत आहे, म्हणजे दुसऱ्यांची कीर्ती पसरवण्याचा पगार घेते. तिच्या ओळखीच्या एका नव्या रेस्टॉरंटला मराठी पदार्थांचा मेनू करायचा आहे आणि त्यासाठी जाणकार माणूस हवा आहे. "बाबा, तुम्ही इतिहासावर किती बोलता ना. इथे येऊन बोला, बिल्कुल तुमच्यासारखाच माणूस पाहिजे त्यांना."

विचार करून कळवतो म्हणालो आणि लगेच हो म्हणालो. नंतर तिने आईला फोन द्यायला सांगितला. दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. मी नाही म्हणेन अशी त्यांना धास्ती असावी.

रेस्टॉरंटचं नाव 'रेणू'.

"कोण ही रेणू?" चंद्रप्रभेने विचारलं.

रेणू म्हणजे मॉलिक्यूल, पदार्थाचा सूक्ष्म कण, असं मी तिला समजावलं.

"मग वाढतात पण तेवढंच का?" ती म्हणाली. तिची दृष्टी व्यवहारी आहे.

२० नोव्हेंबर

काल 'रेणू'त जेवून आलो. जेवून हा शब्द मी जपून वापरतो आहे.

राजीव चौकला मेट्रो बदलून गुडगाव गाठलं. तिथे सगळ्या इमारती काचेच्या, आणि दोन इमारतींच्या मधल्या मोकळ्या प्लॉटवर डुकरं. रेस्टॉरंट एका टॉवरच्या वरच्या मजल्यावर आहे. आत इतका अंधार, की वीज गेली असावी असं समजून चंद्रप्रभेने पर्समधली टॉर्च काढली. चेतनाने ती हळूच खाली करायला लावली.

मालक युवराज खन्ना, वय पस्तिसेक, अंगात काळा शर्ट. माझ्याशी फार अदबीने बोलला. शेफचं नाव जयदीप, तो कोपनहेगनला राहून आला आहे. त्याच्या दंडावर मुळ्याचं चित्र गोंदलेलं आहे. मुळा का, हे विचारायचं राहून गेलं.

पहिल्यांदा एक बुटकं झाड आणून ठेवलं. त्याच्या फांद्यांना पापडाचे तुकडे चिमट्यांनी लावले होते, कपडे वाळत घालावेत तसे. मग परीक्षानळीतून दाल मखनी. मग एका चमच्यात पांढरी गोळी. वेटर म्हणाला, "सर, इसे एक बार में खाइए और अपने बचपन के बारे में सोचिए." मी तोंडात टाकली, ती फुटली आणि आतून कढी निघाली. माझं बालपण साताऱ्यात गेलं. तिथे असं काही फुटलेलं मला आठवत नाही, पण "वाह" म्हणालो.

चंद्रप्रभेने वेटरला विचारलं, "भैया, रोटी कब आएगी?"

"मैम, रोटी का इंटरप्रिटेशन सातवें कोर्स में है."

सातव्या कोर्समध्ये एका दगडावर गव्हाची पूड भुरभुरवून आणली. ती बोटाने चाटायची होती. चंद्रप्रभा दगडाकडे पाहत राहिली. मी चाटला.

शेवटी युवराज आमच्या टेबलापाशी येऊन बसला. "सर, रेसिपी तो इंटरनेट पर मिल जाती है. हमें कहानी चाहिए. कोई ऐसी डिश, जो खो गई हो."

सगळे माझ्याकडे पाहत होते. निवृत्त झाल्यापासून इतक्या लोकांनी एकदम माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणालो, "मुक्कामवडी."

हा शब्द कुठून आला ते मला सांगता येणार नाही. पण एकदा निघाल्यावर बाकीचं आपोआप येत गेलं. अठराव्या शतकात मराठ्यांची फौज दिल्लीला आली, यमुनेकाठी मुक्काम पडला. सोबत आणलेल्या कोथिंबीर वड्या थंडीने कडक झाल्या. तेव्हा एका सरदाराने त्या इथल्या काळ्या गाजराच्या कांजीत, म्हणजे मोहरी घालून आंबवलेल्या पाण्यात, बुडवल्या. आंबट, तिखट, मऊ. दख्खन आणि दिल्ली यांचं पहिलं मीलन.

युवराजने डोळे मिटले. "सर, गूज़बम्प्स." जयदीपने वहीत काहीतरी लिहून घेतलं. युवराज चंद्रप्रभेकडे वळला. "आंटी, आप बनाती हैं ये?"

मी लगेच म्हणालो, "नहीं नहीं, इनको ये सब नहीं मालूम. ये तो सीधा-सादा घर का खाना बनाती हैं."

 चंद्रप्रभेने बशीत शोभेला ठेवलेलं फूल उचलून खाल्लं.

परतताना मेट्रोत ती म्हणाली, "ती वडी मी केली होती. लक्ष्मीबाई नगरला. वड्या कडक झाल्या म्हणून तुम्ही ताट सरकवलंत, आणि मी त्या शेजारच्या मिसेस कपूरनी दिलेल्या कांजीत टाकल्या. नंतर तुम्ही वाडगाभर खाल्ल्या."

मला असं काहीसं अंधुक आठवतं. मी तिला समजावलं की घरी एकदा घडलेली गोष्ट हा अपघात असतो. तिला नाव, काळ आणि संदर्भ मिळाला की तिचा वारसा होतो, आणि हे तीनही मी दिले. चंद्रप्रभेला ते पटलं असावं, कारण घर येईपर्यंत ती गप्प होती. आजही गप्प आहे. घरात फार शांतता आहे.

३ डिसेंबर

मुक्कामवडीवर रीतसर टिपण तयार केलं. पार्श्वभूमी, भौगोलिक स्थिती, पाककृती, निष्कर्ष. पाककृतीसाठी चंद्रप्रभेला कांजीचं प्रमाण विचारलं. ती म्हणाली, "सरदाराला विचारा." तिच्यातही विनोदबुद्धी आहे, हे मला ठाऊक नव्हतं. प्रमाण अंदाजाने घातलं आणि थोडा ओवा सुचवला, कारण ओवा पचनाला चांगला.

एक शंका दुपारभर छळत होती. हे खोटं आहे का? शेवटी अशा निर्णयाला आलो की मराठे दिल्लीत आले होते, हे खरं. थंडी होती, हे खरं. त्यांनी काहीतरी खाल्लं असणार, हेही खरं. सरदाराचं नाव मी दिलेलंच नाही, त्यामुळे तो नव्हता असं कोणी सिद्ध करू शकत नाही. एवढ्या आधारावर मंत्रालयात याहून मोठे प्रस्ताव मंजूर झालेले मी पाहिले आहेत.

चेतनाने माझ्यासाठी व्हिजिटिंग कार्डं आणून दिली. 'श्रीरंग ओगले, हेरिटेज सल्लागार, रेणू.' जाड कागद, उठावाची अक्षरं. आत्तापर्यंतच्या माझ्या सगळ्या कार्डांवर अशोकस्तंभ होता, तरी हे कार्ड काही कमी नाही. वॉचमनला एक दिलं.

१८ डिसेंबर

चाचणीसाठी गुडगावला गेलो. युवराजला माझं कार्ड दिलं. त्याने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, चेतनाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ओह. नाइस." मग खिशात ठेवलं. अभिमान लपवता येत नव्हता त्याला.

जयदीपने वडीचं जे काही केलं आहे, ते मी इथे जसं पाहिलं तसं लिहितो. कोथिंबिरीचा हिरवा स्पंज, आकार खोडरबराएवढा. तो घोड्याच्या खऱ्या नालेवर ठेवलेला. शेजारी डोळ्यांत औषध घालायचा ड्रॉपर, त्यात कांजी. त्यावर काचेचं झाकण आणि झाकणाखाली धूर. हा धूर तोफांचा आहे, असं युवराजने मला सांगितलं.

मी म्हणालो, "मुक्काम में तोप नहीं चलती. मुक्काम मतलब आराम."

"सर, आराम का धुआँ कैसा होता है?" जयदीपने विचारलं.  धूर राहिला.

चव सांगायची तर ओल्या हिरव्या कापडासारखी, शेवटी थोडी ओव्याची. मी "अद्भुत" म्हणालो. कोपनहेगनहून आलेल्या माणसाला कमी कसं लेखणार?

खाली उतरताना चेतना म्हणाली, "बाबा, मजा येतेय ना तुम्हाला?"

"मजेचा प्रश्न नाही. ही जबाबदारी आहे," मी म्हणालो.

"अच्छा. पण आता झोप लागते ना नीट?"

लागते म्हणालो. माझ्या झोपेचा इथे काय संबंध, ते कळलं नाही.

२९ डिसेंबर

विशेष काही नाही. चंद्रप्रभेने बाल्कनीत काळ्या गाजराच्या कांजीची बरणी उन्हाला ठेवली आहे. माझ्या कामाने प्रेरणा घेतली, हे पाहून बरं वाटलं. समोरच्या ब्लॉकमधल्या मीनाक्षीबाई देवस्थळी हल्ली रोज दुपारी येतात. नवरा वारल्यापासून त्यांना सोबत लागते. त्या आल्या की स्वयंपाकघराचं दार लोटून घेतात. बायकांच्या गप्पा.

९ जानेवारी २०१२

काल मेनूचं उद्घाटन झालं. युवराजने मंडळींसाठी एक टेबल दिलं होतं. मी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीला नेलं आणि मीनाक्षीबाईंनाही, कारण चंद्रप्रभेने आग्रह धरला. मेनूवर छापलं होतं, 'तेरह निवालों में महाराष्ट्र'. महाराष्ट्र तेरा घासांत संपला आणि त्यातले चार घास हवेचे होते. पिठल्याचा फेस आला, तो उचलेपर्यंत विरला. पुरणपोळीचा वास एका फुग्यात भरून आणला होता. फुगा टाचणीने फोडायचा आणि नाक पुढे करायचं. आमचे खजिनदार डायबेटिक असल्याने त्यांना हा पदार्थ फार आवडला.

मुक्कामवडी आली तेव्हा धुरात सगळं टेबल दिसेनासं झालं. मी उभा राहून इतिहास सांगितला. एका इंग्रजी मासिकाची लेखिका शेजारच्या टेबलावरून उठून आली आणि फोनवर माझं बोलणं टिपत राहिली. कार्यकारिणीने टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणाले, "ओगले, चव अगदी ऐतिहासिक आहे."

मीनाक्षीबाईंनी ड्रॉपरमधली कांजी जिभेवर घेतली, चंद्रप्रभेकडे पाहिलं, आणि दोघी हात धुवायला म्हणून गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. चेतना बघायला गेली तर तीही तिथेच राहिली. तिघी परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे हसून पाणावलेले होते. तिथले नळ हात नेल्यावर आपोआप चालू होतात, त्याचं हसू आलं असणार. सवय नसते.

१३ जानेवारी

मासिकाच्या साइटवर लेख आला. शीर्षक, 'मराठ्यांची हरवलेली वडी'. माझा उल्लेख 'ज्येष्ठ पाक-इतिहासकार' असा आहे. पुण्याहून मेहुण्याचा फोन आला. त्याने याआधी मला फोन केला होता तो माझ्या निवृत्तीच्या दिवशी, तोही गॅस सिलिंडरच्या कामासाठी.

एक नमूद करायला हवं. काल आंघोळ करताना मला स्पष्ट आठवलं की आमचे आजोबा मुक्कामवडीबद्दल बोलायचे. माजघरात बसून, पानाला चुना लावत. आता हे खरंच आठवलं की मी सांगितल्यामुळे आठवलं, याबद्दल मन साशंक आहे. पण चुन्याची डबीसुद्धा दिसली. नुसत्या कल्पनेत चुन्याची डबी कशी दिसेल?

१५ जानेवारी, संक्रांत

फार मनस्ताप झाला.

सोसायटीच्या हॉलमध्ये मंडळाचा तिळगूळ समारंभ होता. मीनाक्षीबाई स्टीलचा भला मोठा डबा घेऊन आल्या. झाकण काढलं तर आत वड्या, वाटीएवढ्या, कांजीत बुडालेल्या, वरून मोहरीचा तवंग. लोकांनी रांग लावली.

"हे काय?" मी विचारलं.

"मुक्कामवडी," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "आमच्याकडे पूर्वीपासून करतात. माझी आजी ग्वाल्हेरची."

मी मध्येच म्हणालो, "तुमच्याकडे? तुमच्याकडे कशी असेल?"

"का? असायला काय झालं?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं आणि ते देता येत नव्हतं. तुमच्या आजीने ही वडी केलेली असू शकत नाही, कारण नोव्हेंबरपर्यंत ती अस्तित्वातच नव्हती, हे मंडळाच्या अध्यक्षांसमोर मी कसं म्हणणार?

मीनाक्षीबाई पुढे सगळ्यांना सांगू लागल्या. "श्रीरंगरावांनी तिथे ओवा घालायला लावला ना, ते चुकलं. मुक्कामवडीत ओवा नसतो. मोहरी फेसून घालायची, आणि कांजीला ऊन चांगलं लागलं पाहिजे. आजी तर पहाटे बरणीशी बोलायची."

"बरणीशी?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो. 'ये बाई, आंबट हो,' म्हणायची."

लोक हळवे झाले. खजिनदारांच्या पत्नीला आठवलं की त्यांच्या मावशीही अशीच काहीतरी वडी करायच्या, पण झाशीला. डबा रिकामा झाला. कार्यकारिणीने तिथे ठराव केला की दर संक्रांतीला परंपरेप्रमाणे मुक्कामवडी व्हावी. परंपरेप्रमाणे. मी अनुमोदन दिलं. दुसरं काय करणार होतो?

वाढत होती चंद्रप्रभा. तिने माझ्या बशीत दोन घातल्या. खोटं कशाला लिहू, वडी उत्कृष्ट होती. चव ओळखीची वाटली, पण कुठली ते आठवेना.

घरी येताच मी तिला म्हणालो, "त्या बाई धडधडीत खोटं बोलतात."

"हो?" ती म्हणाली. "मग सांगायचं होतंत ना तिथे, खरं काय ते."

२५ जानेवारी

सव्वीस जानेवारीच्या बंदोबस्तामुळे प्रत्येक स्टेशनवर तपासणी, तरी गुडगाव गाठलं. युवराजला सावध करणं माझं कर्तव्य होतं.

तो भेटला, पण घाईत. मीनाक्षीबाई त्याला आधीच येऊन भेटल्या होत्या. मासिकाच्या त्या लेखिकेने त्यांना आणलं. जयदीपने त्यांची वडी खाल्ली आणि पंधरवड्यासाठी वडीवरचा धूर बंद ठेवला आहे म्हणे. युवराजने आवाज मऊ केला.

"सर, बुरा मत मानिए. आपके पास सरदार है. उनके पास दादी है."

"मतलब?"

"मतलब गेस्ट को दादी चाहिए. सरदार के नाम पर लोग सिर हिलाते हैं. दादी के नाम पर दूसरी प्लेट मँगवाते हैं."

मी चिडलो. आवाज चढला असावा, कारण बारमधली माणसं वळून पाहू लागली. मी म्हणालो, "वो दादी झूठी है. वो वड़ी झूठी है. मैंने खुद बनाई है वो कहानी, यहीं, इसी टेबल पर बैठकर."

युवराजने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, वो तो हमें पहले दिन से मालूम था. बहुत अच्छी बनाई थी."

 मला वाटलं होतं त्याला धक्का बसेल, निदान एक खुलासा तरी मागेल. त्याने वेटरला खूण करून माझ्यासाठी लिंबूपाणी मागवलं. ते धुराच्या झाकणाखाली आलं.

कार्डांचं काय करायचं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "कौन-से कार्ड?" मग आठवून म्हणाला, "हाँ, वो. रखिए ना सर, प्लीज़. चेतना ने बहुत प्यार से बनवाए थे."

परत येताना राजीव चौकच्या गर्दीत बराच वेळ एका खांबाला टेकून उभा होतो. दोन गाड्या सोडल्या. बरं वाटत नव्हतं.

७ फेब्रुवारी

मीनाक्षीबाई आठवड्यातून दोनदा गुडगावला जातात. चंद्रप्रभाही जाते, सोबत म्हणून. युवराज गाडी पाठवतो. वॉचमन धावत जाऊन गाडीचं दार उघडतो. चंद्रप्रभा माझं जेवण झाकून ठेवून जाते आणि आल्यावर फार बोलते. जयदीपला तिने वरण करायला शिकवलं, इंडक्शनवर ते कसं लागतं, त्याच्या दंडावर मुळा का आहे. त्याच्या वडिलांचा मुळ्यांचा मळा आहे, सोनीपतला. हे तिला पहिल्याच दिवशी कळलं.

सोबत गेलेल्या बाईला इतकं काम कसं असतं, ते विचारीन म्हणतो.

आज डाळींचे डबे वर्णानुक्रमाने लावले. घरात कोणी नव्हतं.

१९ फेब्रुवारी

काल 'रेणू'त नव्या मेनूची संध्याकाळ होती. मी जाणार नव्हतो. पण चेतना न्यायला आली. "बाबा, आईसाठी चला. प्लीज़," म्हणाली. आईसाठी का, मीनाक्षीबाईंसाठी का नाही, हे तिने सांगितलं नाही. चंद्रप्रभेने जांभळी इरकल नेसली होती. बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती ती साडी. छान दिसत होती. तसं तिला म्हणालो असतो, पण गाडीत चेतना होती.

यावेळी वडी वाडग्यात आली. घोड्याची नाल नाही, ड्रॉपर नाही. कांजी भरपूर, आणि सोबत चमचा. वेटरने हात मागे बांधून गोष्ट सांगायला सुरुवात केली. आम्ही कोण, हे त्याला ठाऊक नसावं.

"सर, ये डिश एक मराठा औरत की है. छावनी में थी वो, अपने पति के साथ. एक रात वड़ियाँ सख़्त हो गईं. पति ने थाली सरका दी. औरत ने कुछ नहीं कहा. उसने पड़ोसन से कांजी माँगी और वड़ियाँ उसमें डाल दीं. पति पूरा कटोरा खा गया."

आसपासच्या टेबलांवरचे लोकही ऐकू लागले होते. वेटरला जोर चढला.

"फिर जानते हैं सर, क्या हुआ? वो सरदार पूरी छावनी में बताता फिरा कि ये वड़ी उसने ईजाद की है. और जब लोग औरत से पूछते, तो कहता, इसको क्या मालूम, ये तो सीधा-सादा घर का खाना बनाती है."

सगळे हसले. शेजारच्या टेबलावरची एक बाई तर नवऱ्याच्या हातावर चापट मारून हसली. मीही हसलो, बहुधा सगळ्यांत मोठ्याने. चेतना माझ्याकडे बघत होती. मीनाक्षीबाई ताटाकडे. चंद्रप्रभा वडी खात होती.

इतिहास म्हणून या गोष्टीला काही आधार नाही, हे मी इथे स्पष्ट नोंदवतो. माझ्या मूळ टिपणात असा नवरा कुठेही नव्हता. पण पात्र जमलं आहे. डोळ्यांसमोर उभं राहतं. असला आत्मसंतुष्ट माणूस मंत्रालयात दर मजल्यावर एक तरी भेटायचा.

गाडीत मी चंद्रप्रभेला विचारलं, "मीनाक्षीबाईंना हा सरदार सुचला कुठून?"

ती खिडकीबाहेर बघत होती.

"असायचे पूर्वी असे," ती म्हणाली.